कोलकात्यात चार दिवस: रस्त्यावरचे खाणे, स्थलदर्शन आणि घरातला शाकाहार

नागनदी यांचा प्रश्न

नमस्कार. नाताळ आटोपल्यावर, 26 ते 29 डिसेंबर या काळात, म्हणजे शनिवार ते मंगळवार, आम्ही पाच जण नागपूरहून कोलकात्याला जात आहोत. बरोबर माझे आईवडील, पत्नी आणि नववीत शिकणारी मुलगी आहे. वडील निवृत्त इतिहासशिक्षक आहेत आणि त्यांना शहर मनापासून पाहायचे आहे. मात्र त्यांचे गुडघे दुखत असल्यामुळे सलग फार वेळ चालणे किंवा जिने चढणे त्यांना झेपत नाही. आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, आणि ज्या कढईत मासे तळले त्याच कढईतली भजी तिच्यापुढे ठेवण्याची आमच्यापैकी कोणाचीही छाती नाही. मुलीचे सगळे उलटे आहे. तिला हॉटेलात बसून जेवण्यात काडीचाही रस नसून, जे काही खायचे ते रस्त्यावर उभे राहून खायचे, असा तिचा निश्चय आहे.

प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिका मी पाहिल्या. त्यांत सकाळी व्हिक्टोरिया मेमोरियल, दुपारी तारांगण, संध्याकाळी खरेदी असा मजकूर असतो आणि खाण्याच्या नावाने एखाद्या वातानुकूलित उपाहारगृहातली बंगाली थाळी असते. आम्हाला हे नको आहे. ठिकाणे थोडी कमी झाली तरी चालतील, पण पाहणे आणि खाणे एकाच वाटेवर यावे, अशी आमची इच्छा आहे. ते चार दिवसांत कसे बसवावे? आईला निर्धास्तपणे काय खाता येईल? रस्त्यावरच्या पाण्याची धास्ती कितपत बाळगावी? आणि नाताळ ते नववर्ष या दिवसांत कुठली ठिकाणे टाळावीत? कोलकात्यात राहिलेल्या किंवा अलीकडे जाऊन आलेल्या सदस्यांनी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

हुगळीकाठी यांचे उत्तर

नोकरीच्या निमित्ताने या शहरात आलो आणि इथलाच झालो, त्यामुळे थोडे अधिकाराने लिहितो. कोलकात्याचे रस्त्यावरचे खाणे घड्याळाला बांधलेले आहे आणि बाहेरून येणाऱ्यांचे नियोजन बहुधा नेमके इथेच फसते. सकाळी मिळणारी कोचुरी दुपारी मिळत नाही, फुचकेवाला (फुचका म्हणजे इथली पाणीपुरी) दुपार कलल्याशिवाय पाटी मांडत नाही, आणि तेलेभाजाची, म्हणजे इथल्या भज्यांची, कढई खऱ्या अर्थाने तापते ती दिवेलागणीला. म्हणून आधी ठिकाणे ठरवून मग आसपास काय मिळते ते शोधण्याऐवजी, कोणत्या प्रहरी काय खायचे ते आधी ठरवावे आणि त्या गल्लीतून पायाखाली येणारे शहर पाहावे. आणखी एक गोष्ट नागपूरकरांच्या ध्यानात राहत नाही. हे शहर बरेच पूर्वेला असल्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचलाच अंधार पडतो. पाहण्याचे जे काही आहे ते लवकर सुरू करा. संध्याकाळ खाण्यासाठी राखून ठेवा.

तुमचे वार पाहता, उत्तर कोलकात्याला रविवार द्यावा असे मी सुचवेन. पहाटे हावडा पुलाच्या शहराकडच्या टोकाला, पुलाच्या सावलीतच असलेल्या मल्लिक घाटावरच्या फुलबाजारात जा. झेंडूच्या माळांचे भारेच्या भारे डोक्यावर घेऊन धावणारे हमाल, ओल्या पायऱ्या आणि समोर नदी, हे सारे सकाळी नऊच्या आत पाहून घ्यावे. बाजाराच्या आत चिखल आणि धक्काबुक्की असते, त्यामुळे वडिलांना घाटाच्या कडेला बसवून बाकीच्यांनी आत फेरी मारलेली बरी. पूल तिथून निवांत पाहता येतो. तो 1943 मध्ये वाहतुकीला खुला झाला, त्याला नदीपात्रात एकही खांब नाही आणि त्याचे पोलाद नटबोल्टांनी जोडलेले नसून रिव्हेटांनी सांधलेले आहे; शिक्षकांना हे सांगायला नको, पण नातीला सांगण्यासारखे आहे.

तिथून टॅक्सीने कुमारटुलीला, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत, जावे. दुर्गापूजेआधीची धांदल डिसेंबरात नसते आणि मला तरी हा निवांतपणाच अधिक आवडतो, कारण मूर्तिकारांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो. तुम्ही जाल तेव्हा सरस्वतीपूजेच्या मूर्ती घडत असतील. बांबू आणि लाकडाच्या चौकटीवर पेंढा सुतळीने आवळून आधी देह बांधतात. मान, कंबर, कोपर यांचे बाक तिथेच ठरतात. मग चिकणमातीचे थर येतात, ते वाळतात, तडकतात, पुन्हा लिंपले जातात. अरुंद गल्लीच्या दोन्ही बाजूंना अशी बिनडोक्याची, पेंढ्याची सरस्वती रांगेने उभी दिसते. गल्ली सपाट आहे, पायऱ्या नाहीत, वडिलांना त्रास होणार नाही.

न्याहारी या दोन्हींच्या मध्ये व्हायला हवी. उत्तर कोलकात्यात जवळजवळ प्रत्येक नाक्यावरच्या मिठाईच्या दुकानात सकाळी कोचुरी तळली जाते. आपल्याकडच्या कचोरीशी तिचे नावापुरतेच नाते आहे. ही मऊ, फुगलेली, आत हिंग आणि उडदाच्या डाळीचे पातळ सारण असलेली पुरीच असते. बरोबर बटाट्याची सालासकट केलेली भाजी किंवा खोबऱ्याचे बारीक काप घातलेली हरभऱ्याची डाळ मिळते. डाळ किंचित गोड असते, त्याला इलाज नाही. ही न्याहारी परंपरेने कांदालसणाविनाच होते, त्यामुळे तुमच्या आईंना इथे काही विचारावेसुद्धा लागणार नाही. नऊनंतर गर्दी ओसरते आणि दहाच्या सुमारास बहुतेक ठिकाणी कढई उतरलेली असते.

दुपारी विश्रांती घ्या. चारनंतर हातीबागान ते हेदुआ या पट्ट्यात परत या. बिधान सरणीवर 1918 पासूनचे लक्ष्मीनारायण शॉ यांचे तेलेभाजाचे दुकान आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या जयंतीला, 23 जानेवारीला, तिथे लोकांना फुकट तेलेभाजा वाटण्याची प्रथा आहे. वांग्याच्या लांब कापांची बेगुनी, कांद्याची पेयाजी, बटाट्याचा आलूर चॉप आणि केळफुलाचा मोचार चॉप हे इथले मुख्य पदार्थ आहेत, आणि ते मुरमुऱ्यांबरोबर खायचे असतात. नुसती भजी खाऊन बाजूला होणारा माणूस बाहेरचा, हे तिथे लगेच ओळखले जाते. हेदुआजवळ, बेथून कॉलेजच्या बाजूच्या गल्लीत, 1844 पासून चालत आलेले गिरीशचंद्र दे आणि नकुरचंद्र नंदी यांचे संदेशाचे दुकान आहे. बसायला जागा नाही, सजावट नाही. लोखंडी गजांपलीकडून पुडा मिळतो आणि तो रस्त्यावरच उघडला जातो. डिसेंबरात नोलेन गुळाचा संदेश मागा. शिंदीच्या झाडाचा रस थंडीत उतरवून, आटवून हा नवा गूळ करतात, त्यामुळे वर्षाच्या इतर महिन्यांत कोलकात्याला येणाऱ्यांना जे मिळत नाही ते तुम्हाला आयतेच मिळणार आहे.

याच दिवसांत फुलकोबीचा शिंगाडाही असतो. आपला समोसा समजा, पण साल पातळ, आत फुलकोबी, बटाटा आणि शेंगदाणे, आकार लहान. मिठाईच्या दुकानात संध्याकाळी चार-पाचच्या दरम्यान गरम घाणा निघतो. तो चुकला तर थंड शिंगाडा घेऊ नका. दुसरे दुकान शोधा.

अन्नपूर्णा यांचे उत्तर

वरचे उत्तर उत्तम आहे, पण शाकाहारी बाईच्या नजरेतून त्यात थोडी भर घालावीशी वाटते, कारण ‘काही विचारावे लागणार नाही’ हे फक्त सकाळच्या कोचुरीपुरते खरे आहे. संध्याकाळच्या तेलेभाजाच्या बाबतीत मात्र आधी कढईकडे पाहावे आणि मग मागणी करावी. केवळ बेगुनी, पेयाजी आणि चॉप करणारी दुकाने वेगळी असतात. जिथे पाटीवर फिश फ्राय, कटलेट आणि अंड्याचे डेव्हिल दिसते, तिथे भाजीचा चॉपही बहुधा त्याच तेलात उतरतो. हिवाळ्यात मिळणारा, बीट, गाजर आणि शेंगदाणे घातलेला, पावाचा चुरा लावून तळलेला लालबुंद व्हेजिटेबल चॉप दिसायला मोहक असतो, परंतु चुरा चिकटावा म्हणून काही ठिकाणी तो अंड्यात बुडवतात. ‘निरामिष? डीम नेई तो?’ (शाकाहारी आहे का? अंडे नाही ना?) एवढे दोन प्रश्न आईंना पाठ करून द्यावेत. लोक मन लावून उत्तर देतात, खोटे बोलत नाहीत.

रोलच्या गाडीवर पनीर रोल मिळतो, पण तवा एकच असतो आणि त्यावर दर दोन मिनिटांनी अंडे फुटत असते, त्यामुळे आईंना तिथे उभे करू नये. मोगलाई पराठ्यात अंडे असतेच. घुगनी, म्हणजे सुक्या वाटाण्याची उसळ, ही निर्धोक वाटते, तरी काही जण तीत खिमा घालतात. नाताळाचा केक तर बहुधा अंड्याविना नसतो. याउलट फुचका, चुरमुर, आलू काबली आणि झालमुरी (मुरमुऱ्यांची तिखट भेळ) हे चारही पदार्थ निःशंकपणे घ्यावेत. आलू काबली म्हणजे उकडलेल्या बटाट्याचे काप, भिजवलेले हरभरे, चिंच आणि मसाला; चुरमुर म्हणजे त्याच जिनसांत फुचक्याच्या पुऱ्या चुरडून घातलेल्या. दोन्हींत मोकळे पाणी जवळजवळ नसते. पाण्याची धास्ती असलेल्यांनी फुचक्याऐवजी हे घ्यावे, आणि ज्या गाडीभोवती शाळकरी मुले व बायका दाटीने उभ्या आहेत तीच निवडावी. तिथले पाणी सकाळपासून साठवलेले नसते, पुऱ्या शिळ्या नसतात.

फुचक्याबद्दल मात्र मुलीला आधी सांगून ठेवा. यात आपल्यासारखी खजुराची गोड चटणी नाही, गरम रगडा नाही. फुचकेवाला उकडलेले बटाटे तुमच्यासमोर हाताने कुस्करतो, त्यात हरभरे, मिरची, कोथिंबीर, भाजून कुटलेला मसाला आणि ओंजळभर चिंचेचे पाणी घालून मळतो, वर गंधराज लिंबू पिळतो आणि मग अंगठ्याने पुरी फोडून सारण दाबून भरतो. साल वृक्षाच्या पानांचा द्रोण हातात धरून आपण गोल करून उभे राहायचे आणि आपली पाळी आली की लगेच तोंडात टाकायचे; रेंगाळलात तर द्रोणात दुसरा येऊन पडतो. तिखट आधी सांगावे लागते, नंतर कमी होत नाही. शेवटी एक बिनपाण्याचा फुचका फुकट मिळतो, तो मागून घेण्यात संकोच करू नये. दक्षिणेत विवेकानंद पार्कच्या कडेला उभे राहणारे फुचकेवाले प्रसिद्ध आहेत आणि ती प्रसिद्धी माझ्या मते रास्त आहे.

झालमुरीत कच्चे मोहरीचे तेल असते. नाकात झणका जातो. ज्यांना ते सोसत नाही त्यांनी ‘तेल कम’ म्हणावे, ‘तेल नको’ म्हणू नये, कारण तेलाशिवाय तिच्यात उरते ते नुसते मुरमुरे आणि खोबऱ्याचे तुकडे.

राहण्यासाठी दक्षिणेत हाजरा रस्त्यावर महाराष्ट्र निवास आहे, तिथे आधी चौकशी करून पाहा. तिथून भवानीपूर जवळ पडते आणि भवानीपूरच्या श्रीहरी मिष्टान्न भांडारातली लुची (मैद्याची पुरी) व हरभऱ्याची डाळ आईंना रोज सकाळी चालेल.

रेल्वेप्रेमी यांचे उत्तर

खाण्याचे दोन्ही जाणकार बोलले आहेत, मी वाहतूक आणि वारांवर लिहितो. सोमवारी व्हिक्टोरिया मेमोरियलची दालने, भारतीय संग्रहालय आणि जोडासांकोची ठाकूरबाडी, म्हणजे रवींद्रनाथ टागोरांचे घर, हे तिन्ही बंद असते. रविवारी कॉलेज स्ट्रीटवरची बहुतेक पुस्तकांची दुकाने बंद असतात आणि डलहौसीच्या कचेऱ्यांचा भाग, जिथे दुपारी डेकर्स लेनमध्ये पाव आणि रस्सा खायला झुंबड उडते, तो सामसूम असतो. म्हणून शनिवारी संग्रहालय आणि व्हिक्टोरिया, रविवारी उत्तर भाग, सोमवारी दक्षिणेश्वरचे मंदिर व बेलूर मठ, आणि मंगळवारी जोडासांको व कॉलेज स्ट्रीट अशी विभागणी तुम्हाला सोयीची पडेल.

व्हिक्टोरियाबद्दल माझे मत वर अप्रत्यक्षपणे आलेल्या मतापेक्षा वेगळे आहे. प्रवासी कंपन्या नेतात म्हणून ते टाळण्याचे कारण नाही. 1921 मध्ये पूर्ण झालेल्या त्या मकराण्याच्या संगमरवरी इमारतीपेक्षा मला तिची बाग अधिक आवडते. मात्र 25 डिसेंबर ते 1 जानेवारी या काळात दुपारनंतर तिथे इतकी गर्दी होते की वडिलांना बाक मिळणार नाही. दालने उघडताच आत जा, जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर पडा. अलीपूरचे प्राणिसंग्रहालय या दिवसांत पूर्ण टाळावे. पार्क स्ट्रीटची नाताळची रोषणाई पाहायची असेल तर मुलीला घेऊन पायी जा, आईवडिलांना टॅक्सीतून एक चक्कर मारून आणा; गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, पण निदान बसायला तरी मिळते. दिवस लांबवून 1 जानेवारीपर्यंत राहिलात, तर त्या दिवशी दक्षिणेश्वर आणि काशीपूरकडे फिरकू नका. रामकृष्ण परमहंसांच्या स्मरणार्थ होणाऱ्या कल्पतरू उत्सवाच्या रांगा वृद्धांसाठी नाहीत.

दक्षिणेश्वरपर्यंत आता मेट्रो जाते. राणी रासमणींनी बांधवलेले हे मंदिर 1855 चे आहे, आणि ते व बेलूर मठ हे दोन्ही दुपारी काही तास बंद असतात. सकाळी लवकर दक्षिणेश्वर करून होडीने नदीपलीकडे बेलूरला जा. हा नदीप्रवास त्या दिवसाचा सर्वांत सुंदर भाग आहे. घाटाच्या पायऱ्यांवर मात्र वडिलांना हात द्यावा लागेल. दक्षिणेश्वरला मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी कोचुरीची दुकाने ओळीने लागतात आणि तीर्थक्षेत्र असल्याने तिथे आईंचा प्रश्नच मिटतो.

नदीखालच्या मेट्रोविषयी तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. 2024 मध्ये हावडा मैदान ते एस्प्लनेड हा टप्पा सुरू झाला. ती उपयोगी आहे, स्थानके नवी असल्यामुळे सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, तेव्हा गुडघ्यांसाठी तिच्यासारखी सोय नाही. पण पाहण्यासारखे तिच्यात फारसे काही नाही. बोगद्याच्या भिंतीवर निळे दिवे लावले आहेत, ते दिसेपर्यंत नदी संपते. नदी पाहायची तर हावडा स्थानकासमोरच्या घाटावरून बाबूघाटाला जाणारी फेरी बोट घ्या. पुलाखालून, जुन्या गोदामांच्या कडेने जाणाऱ्या इतर फेऱ्याही आहेत. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, त्यामुळे पहाटेच्या फुलबाजारासाठी टॅक्सीच करावी लागेल.

ट्रामची गोष्ट दुःखाची आहे. 1873 मध्ये घोड्यांनी ओढलेली पहिली ट्राम इथे धावली आणि आज देशात ट्राम उरली आहे ती फक्त याच शहरात. 2024 मध्ये राज्य सरकारने मैदान भागातला एक वारसामार्ग ठेवून बाकीचे मार्ग बंद करण्याचा मनोदय जाहीर केला, त्यावरचा वाद न्यायालयात गेला. तुम्ही पोहोचाल तेव्हा एस्प्लनेडच्या आगारात विचारा. एखादी गाडी उभी असेल तर ती कुठे जाते हे न पाहता बसा.

नागनदी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. वारांची विभागणी तशीच ठेवली आहे. दोन गोष्टी राहिल्या. मुलीने कुठेतरी चिनी न्याहारीच्या बाजाराबद्दल वाचले आहे आणि तो रविवारीच असतो असे तिचे म्हणणे आहे. मग फुलबाजाराचे काय करावे? दुसरे असे की वडिलांनी आज ‘मराठा खंदका’चा विषय काढला. त्याचे काही अवशेष पाहायला मिळतात का? नागपूरकरांचा त्याच्याशी संबंध असल्यामुळे ते हटून बसले आहेत.

बखरनवीस यांचे उत्तर

खंदक आता दिसत नाही, पण त्याच्यावरून चालता येते. रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर 1742 मध्ये फौज घेऊन बंगालमध्ये उतरले, तेव्हा घाबरलेल्या कोलकातावासीयांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या परवानगीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, सुमारे तीन मैल खणून झाला आणि मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. काम अर्धवट राहिले. 1799 मध्ये त्याचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड करण्यात आला. आज त्याच रस्त्याला उत्तरेकडे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे आणि दक्षिणेकडे आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. म्हणजे सियालदह स्थानकासमोरून टॅक्सीने गेलात की वडिलांचे काम झाले. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली अजून आहे. पाटीखाली छायाचित्र काढण्यापलीकडे तिथे काही नाही, पण कुमारटुलीपासून ती दूर नसल्याने रविवारीच उरकता येईल, आणि बागबाजार हे नवीनचंद्र दास यांच्या रसगुल्ल्याचे माहेर आहे, त्यामुळे फेरी फुकट जाणार नाही.

वडिलांना हे ठाऊक असेलच, तरी लिहितो. पुढची जवळजवळ दहा वर्षे चाललेल्या त्या स्वाऱ्यांत बंगालच्या खेड्यापाड्यांची जी लूट झाली तिची आठवण तिथे बर्गींच्या, म्हणजे मराठा घोडेस्वारांच्या, नावाने अजून शिल्लक आहे, अगदी अंगाईगीतांतसुद्धा. चौथाईचा हिशेब आपल्या बाजूने वाचताना अभिमान वाटतो, तिथल्या शेतकऱ्याच्या बाजूने वाचताना वाटत नाही. टॅक्सीचालकाशी गप्पा मारताना ‘आम्ही भोसल्यांच्या नागपूरचे’ अशी सुरुवात केल्यास तो हसेल, रागावणार नाही. फक्त पुढची कथा त्याच्या तोंडून ऐकावी.

हुगळीकाठी

चिनी न्याहारी टिरेटा बाजारात असते, पोद्दार कोर्टाच्या मागे, लालबाजारापासून जवळ. पहाटे साडेपाच-सहाला सुरू होते आणि आठपर्यंत आटोपत येते. इतर दिवशीही थोडी दुकाने असतात, पण रविवारी ती भरते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या शहरात चिनी वस्ती आहे, आता ती फार थोडी उरली आहे, आणि बाजारही पूर्वीपेक्षा आक्रसला आहे. वाफवलेले पाव, मोमो, माशांच्या गोळ्यांचे सूप, डुकराच्या मांसाचे सॉसेज असा सगळा मामला असल्याने आईंना तिथे नेण्यात अर्थ नाही. तुम्ही आणि मुलीने सहाला तिथे जावे, सातपर्यंत खाऊन मल्लिक घाटावर यावे. अंतर फार नाही. बाकीच्या तिघांनी थेट घाटावर यावे. डिसेंबरात सहा-सव्वासहाला उजाडते, तेव्हा दोन्ही जमेल.

मंगळवारच्या कॉलेज स्ट्रीटबद्दल लिहायचे राहिले होते. सकाळी पुटीराम या मिठाईच्या दुकानात कोचुरी किंवा राधावल्लभी (डाळीचे सारण भरलेली पुरी) खा, मग मुलीला पुस्तकांच्या टपऱ्यांतून हिंडू द्या. कॉफी हाउस वरच्या मजल्यावर आहे आणि जिना उंच आहे. वडिलांना तो चढवण्याइतकी तिथली कॉफी चांगली नाही, हे माझे मत बंगाली मित्रांना सांगू नये. त्यापेक्षा कॉलेज स्क्वेअरच्या कडेला 1918 पासून चालणारे पॅरामाउंट हे सरबताचे दुकान तळमजल्यावर आहे. तिथल्या शहाळ्याच्या सरबताची कृती रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी दिली असे सांगतात; वर शहाळ्याची मलई तरंगत असते आणि आईंना ते निःसंशय आवडेल.

परतीच्या गाडीसाठी मिठाई घेताना एक काळजी घ्या. संदेश दोन प्रकारचा असतो, नरम पाकाचा आणि कडक पाकाचा. नरम पाकाचा चवीला सरस असतो, पण तो त्याच दिवशी संपवावा लागतो. नागपूरपर्यंत न्यायचा तर कडक पाकाचाच घ्या आणि दुकानदाराला प्रवास किती तासांचा आहे ते सांगा, तो स्वतःच योग्य तो काढून देतो. जयनगरचा मोआ, म्हणजे नोलेन गुळात वळलेला सुवासिक लाह्यांचा लाडू, याच दिवसांत मिळतो आणि दोन-तीन दिवस चांगला राहतो. पाटाली गुळाची ढेप घ्यायची असल्यास नखाने दाबून पाहा. दाबल्यावर सहज खचणारी घ्या. दगडासारखी कडक ढेप साखर मिसळून केलेली असण्याचा संभव असतो.